धान्य तिकडचं, फोडणी लालबागची

पहिल्यांदा पाठीवर सॅक टाकून पोर्तुगालला निघाले तेव्हा माझ्याकडे साडेआठ किलो खाणं होतं. सहल २३ दिवसांची. आई, आत्या आणि शेजारच्या खोलीतल्या गुजराती मासी अशा तिघींनी मिळून ती बॅग भरली होती. थेपले, चिवडा, चकल्या, शेंगदाण्याचे लाडू, गरम पाण्यात टाकायची तयार पाकिटं, लोणच्याच्या दोन बरण्या. लिस्बनचं हॉस्टेल चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि रस्ता असा चढाचा की खांदे भरून आले. सहाव्या दिवशी थेपल्यांना बुरशी धरली. लोणच्याचं तेल एका शर्टात आणि विम्याच्या कागदांत मुरलं. आणि एवढं ओझं वाहूनही दहाव्या दिवसापासून मी दोन्ही वेळा बाहेर विकत खात होते, कारण चिवड्याने तोंड चालतं, पोट भरत नाही. पोटाला वरण-भातच लागतो.

त्यानंतर चार वेळा जाऊन आले. मी दादरच्या एका शाळेत गणित शिकवते, त्यामुळे जायचं ते मे महिन्याच्या सुट्टीत आणि जायचं ते पगारातून बाजूला टाकलेल्या पैशांत. तिकीट आणि व्हिसा यांच्यात फारशी काटकसर होत नाही. हॉस्टेलच्या पलंगात थोडी होते. खरी होते ती खाण्यात. आता माझी खाण्याची पिशवी १ किलो २०० ग्रॅमची असते आणि ती तीन आठवडे पुरते.

हिशेब सोपा आहे. खाण्यातलं जे जड असतं ते, म्हणजे तांदूळ, डाळ, बटाटे, कांदे, अंडी, दही, जगात जवळपास कुठेही मिळतं आणि स्वस्त मिळतं. जे मिळत नाही, किंवा मिळालं तर महाग मिळतं, ते सगळं हलकं असतं. हिंग, मोहरी, गोडा मसाला, आमसूल. म्हणून वजन तिकडे विकत घ्यायचं आणि चव इथून न्यायची.

पिशवीत काय भरायचं

माझी यादी अशी: लाल तिखट किंवा मालवणी मसाला १५० ग्रॅम, गोडा मसाला १००, फोडणीची पूड १००, मेतकूट १५०, कुळथाचं पीठ २००, पातळ पोहे ३००, शेंगदाण्याची कोरडी चटणी १५०, आमसुलं ५०. वर हिंगाची लहान डबी आणि आठ-दहा तिरफळं.

आम्ही लालबागला राहतो. एप्रिल-मे म्हणजे गल्लीत बेडगी आणि संकेश्वरी मिरच्यांचे ढीग, मसाला कुटणाऱ्या डंकांचा आवाज आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ठसका. घरचा वर्षाचा मसाला तेव्हाच कुटून येतो, त्यातलाच माझा वाटा निघतो. पण घरून स्टीलच्या डबीत भरून नेऊ नका. मसाल्याच्या दुकानात दोन-चार रुपये जास्त देऊन मशीनवर सील करून घ्या आणि वर पदार्थाचं नाव इंग्रजीत छापलेलं असू द्या. परदेशी विमानतळावरच्या अधिकाऱ्याला बिनानावाची लालभडक पूड दाखवून ती काय आहे हे समजावण्यात वेळही जातो आणि कधीकधी पूडही जाते.

या यादीतली सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे फोडणीची पूड. ती नीट सांगते, कारण तिच्यामुळे तिकडे स्वयंपाक निम्म्या वेळात होतो. दोन मोठे चमचे तेल तापवा. त्यात दोन चमचे मोहरी पूर्ण तडतडू द्या, एक-दोन दाणे गप्प राहिले तर थांबा, कच्ची मोहरी नंतर कडू लागते. मग दोन चमचे जिरं, अर्धा चमचा हिंग, मूठभर धुऊन फडक्यावर कोरडा केलेला कढीपत्ता. पानं बोटात चुरडल्यावर कुरकुरीत वाजली की गॅस बंद करून एक मोठा चमचा हळद. हळद उरलेल्या उष्णतेवरच परतायची, नाहीतर जळते. आता यात पाऊण वाटी डाळं घाला. डाळं तेल शोषून घेतं, म्हणून पूड मोकळी राहते, गोळा होत नाही. पूर्ण गार झाल्यावर मिक्सरमधून भरड काढा. तिकडे कुठल्याही शिजलेल्या डाळीवर, उकडलेल्या बटाट्यावर, नुसत्या दह्यावर एक चमचा टाकली की घरचा वास येतो, आणि धूर अजिबात होत नाही. हा धूर पुढे महत्त्वाचा आहे.

शेंगदाण्याची चटणी बिनखोबऱ्याची करा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानाच्या सामानात चालत नाहीत, त्यातल्या तेलामुळे खोबरं ज्वलनशील मानलं जातं. चटणीतलं दळलेलं खोबरं अडवतीलच असं नाही, पण वाद कशाला. शिवाय खोबरं खवट लवकर होतं.

जे नेऊच नये

गोडा मसाला घेताना एक प्रश्न विचाराच: यात खसखस आहे का? काही घरांत आणि दुकानांत ती घालतात. दुबईसारख्या ठिकाणी खसखस अमली पदार्थांत मोडते आणि मुंबईहून युरोपला जाणारी कितीतरी स्वस्त तिकिटं आखाती देशांतून जातात. मी दर वर्षी बिनखसखशीचा मसाला वेगळा सांगून घेते.

युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशांतून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पनीर, खवा घरीच. डिसेंबर २०१९पासून ताजी फळं, भाज्या आणि पानं यांनाही वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. केळी, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन (फणसासारखं फळ) एवढ्यांनाच सूट आहे. तेव्हा ताजा कढीपत्ता, मिरच्या, लिंबं पिशवीतून काढा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड त्याहून कडक. तिथे खाण्याची जी वस्तू असेल ती फॉर्मवर लिहायचीच. न्यूझीलंडमध्ये न सांगितलेलं एक सफरचंद सापडलं तरी जागेवर ४०० डॉलरचा दंड बसतो. लिहिलं आणि त्यांनी काढून घेतलं तर नुकसान फक्त त्या वस्तूचं.

सुकट आणि बोंबील याबद्दल मला दर वेळी विचारतात. नका नेऊ. कायद्यापेक्षाही, आठ जणांच्या खोलीत त्या वासाबरोबर झोपणाऱ्या बाकीच्या सात जणांचा विचार करा. माशाची हौस तिकडेच कशी भागवायची ते खाली सांगते.

लाल तिखट, चाकू आणि तेलकट काहीही असेल ते चेक-इनच्या बॅगेत. केबिनच्या बॅगेत १०० मिलीच्या वर पातळ पदार्थ चालत नाही आणि लोणचं त्यातच धरतात. गिर्यारोहणाच्या स्टोव्हचं गॅसचं डबडं कुठल्याच बॅगेत चालत नाही.

भांडी आणि वीज

झाकणाचा एक स्टीलचा डबा, चमचा, लहान धारदार चाकू (हॉस्टेलातल्या सुऱ्यांनी टोमॅटो चिरडतो, चिरत नाही), आणि रुंद तोंडाचा अर्ध्या लिटरचा थर्मास. एवढं पुरतं. घरची एक वाटीही मी नेते, कारण तांदूळ-पाण्याचं माप माझ्या हाताला त्या वाटीचंच माहीत आहे.

लहान विजेचा कुकर न्यावा का? युरोपात वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची, त्यामुळे चालेल. पण बहुतेक हॉस्टेलांत खोलीत काही शिजवायला मनाई असते आणि ती आगीच्या भीतीने असते, ती पाळा. जपानला तर मुळीच नेऊ नका. तिथे १०० व्होल्ट. उष्णता व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे आपल्याकडच्या कुकरला तिथे जेमतेम पाचवा हिस्सा ताकद मिळते. पाणी कोमट होईल, भात होणार नाही.

हॉस्टेल निवडताना

पलंगाचा फोटो सगळे बघतात. तुम्ही स्वयंपाकघराचा बघा. शेगड्या किती, पलंग किती? ६० पलंगांना दोन शेगड्या असतील तर संध्याकाळी तासभर उभं राहावं लागेल. काही ठिकाणी ‘किचन’ म्हणून नुसता मायक्रोवेव्ह आणि किटली असते, म्हणून आधी मेल करून सरळ विचारा: शेगडी आहे का, आणि किती वाजेपर्यंत वापरता येते? नीट स्वयंपाकघर असलेल्या जागेला रात्रीचे दोन-तीन युरो जास्त गेले तरी द्या, एका जेवणात वसूल होतात. मी साडेपाचलाच स्वयंपाकाला उभी राहते. सातला गर्दी उसळते तेव्हा माझं ताट धुऊन झालेलं असतं.

पहिल्या दिवसाची खरेदी

दुकानात जाण्याआधी हॉस्टेलातलं फुकटचं कपाट उघडा. बहुतेक ठिकाणी एक फळी असते, तिथे जाणारे लोक उरलेलं ठेवून जातात. मीठ, तेल, पास्ता, अर्धी तांदळाची पिशवी हमखास मिळते. मीठ आणि तेल मी आजवर तिकडे एकदाच विकत घेतलं आहे.

मग लिडल, आल्डी, पोर्तुगालात पिंगू दोस, पोलंडमध्ये बिएद्रोन्का, अशा साध्या सुपरमार्केटात जा. हमरस्त्यावरची छोटी दुकानं पर्यटकांसाठी असतात, तिथे भाव चढे. फळीवरच्या किमतीखाली बारीक अक्षरात किलोचा भाव असतो, तो वाचा. युरोपात तो लावणं कायद्याने बंधनकारक आहे. पाकीट लहान म्हणून स्वस्त वाटतं आणि किलोने बघाल तर दुप्पट निघतं. शाळेत मुलांना एकमान पद्धत शिकवते तीच इथे वापरते. काही देशांत फळं-भाजी आपणच काट्यावर ठेवून लेबल चिकटवायचं असतं. ते न करता रांगेत गेलात तर परत यावं लागतं. कापडी पिशवी न्या, प्लास्टिकचे पैसे पडतात.

२०२४च्या मे महिन्यात लिस्बनला मी घेतलेलं सामान: तांदूळ १ किलो, लाल मसूर अर्धा किलो, अंडी ६, कांदे आणि बटाटे एकेक किलो, टोमॅटो, कोबीचा लहान गड्डा, दही, पाव. सगळं १२ युरोच्या आत, म्हणजे साधारण अकराशे रुपये. त्यावर माझी चार दिवसांची सकाळ आणि रात्र निघाली. तेवढ्याच पैशांत बाहेर एक साधं जेवण येतं.

पोर्तुगालचं नाव मी परत परत घेते आहे, त्याला कारण आहे. तिथल्या बाजारात मराठी माणसाला पाट्या वाचता येतात. बटाट्याला ते ‘बताता’ म्हणतात. कोबीच्या जातीला ‘कोव्ह’, अननसाला ‘अननस’, काजूला ‘काजू’. पाव तर त्यांचाच, ‘पाँव’ असं नाकातून म्हणतात. पैसे देण्याला ‘पगार’ आणि हॉस्टेलच्या चावीला ‘शाव्ह’. हे शब्द त्यांच्याकडूनच आपल्याकडे आले. पहिल्या वेळी थकून, खांदे दुखत असताना, एका भाजीवाल्या बाईसमोर उभी राहून मी बोट न दाखवता ‘बटाटा’ म्हटलं आणि तिने किलोभर तोलून दिले. डोळ्यांत पाणी आलं होतं. ते बटाटे मी अजून विसरले नाही.

तिथे तांदळाच्या दोन जाती दिसतील. लांब दाण्याचा ‘अगुल्या’ आणि बुटका ‘कारोलिनो’. मेतकूट-भाताला कारोलिनो घ्या, मऊ आणि थोडा चिकट होतो. तूप इथून नेता येत नाही, पण बिनमिठाचं लोणी तिकडच्या दुकानात मिळतंच. मंद आचेवर ठेवा, फेस बसून खाली बेरी तांबूस झाली की गाळा. पाव किलो लोण्याचं तूप आठवडाभर पुरतं. ताजा मऊ भात, मीठ, मेतकूट आणि वर हे तूप: दिवसभर चढ-उतार करून आल्यावर याहून बरं काही मला माहीत नाही. मसाले कमी पडले तर लिस्बनमध्ये मार्तीम मोनीझ भागात आपल्याकडची दुकानं आहेत.

डबाबंद बांगड्याचं तिखलं

हा माझा शोध आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पोर्तुगालात डबाबंद मासा फार चांगला मिळतो. ‘सार्दिन्या’ म्हणजे आपली तारली, आणि ‘काव्हाला’ हा बांगड्याच्या जवळचा. काव्हालाचा तेलातला डबा घ्या. तो सहसा सार्डिनपेक्षा स्वस्त असतो.

डब्यातलं तेल कढईत ओता, वेगळं तेल लागत नाही. तीन-चार लसूण पाकळ्या ठेचून त्यात घाला. रंग बदलला की अर्धा कांदा बारीक चिरून. मग गॅस बारीक करून दीड चमचा मालवणी मसाला आणि लगेच अर्धी वाटी पाणी, म्हणजे तिखट जळून खकाणा उठत नाही. तीन आमसुलं, आणि चार तिरफळं आतली काळी बी काढून किंचित ठेचून. पाच मिनिटं उकळू द्या, रस्सा अंगासरसा होईल. आता माशाचे तुकडे अलगद सोडा आणि चमचा लावू नका. मासा आधीच शिजलेला असतो, ढवळलं की भुगा होतो. कढई कानाशी धरून हलवायची, दोन मिनिटं. मीठ शेवटी चाखून, कारण डब्यात असतंच. गरम भाताबरोबर खा. कच्चा मासा तळल्यासारखा वास सुटत नाही, त्यामुळे शेजारच्या शेगडीवरचा माणूसही तक्रार करत नाही. एकदा एका ब्राझीलच्या मुलीने चव मागितली आणि तिने अर्ध्या लिंबाच्या बदल्यात अर्धी वाटी नेली.

धूर, आणि कुकरशिवाय डाळ

पोर्तोमधल्या एका हॉस्टेलात मी घरच्यासारखी फोडणी केली होती. कडकडीत तेल, मोहरी, वर सुक्या लाल मिरच्या. काचेची विजेची शेगडी आपल्या गॅससारखी लगेच थंड होत नाही हे मला माहीत नव्हतं. बटण बंद केलं तरी तवा तापतच राहिला, मिरच्या काळ्या पडल्या आणि छतावरचा धुराचा गजर वाजायला लागला. सगळी इमारत रस्त्यावर. माणसं आंघोळीतून टॉवेल गुंडाळून आली होती, एक म्हातारे गृहस्थ खोकत होते. मी प्रत्येकाची माफी मागितली. तेव्हापासून तिकडे मी सुक्या मिरचीची फोडणी करत नाही. वर सांगितलेली पूड त्या संध्याकाळनंतर सुरू केली. उघडी फोडणी द्यायचीच असेल तर शोषक पंखा आधी लावा, आच मध्यम, आणि मोहरी तडतडली की भांडं शेगडीवरून उचलून बाजूला ठेवा.

डाळीत तूरडाळीचा हट्ट सोडा. कुकरशिवाय ती शिजायला तासभर घेते, तेवढा वेळ शेगडी अडवणं बरं नाही. लाल मसूर भिजवलाही नाही तरी २० मिनिटांत गळतो. जर्मनीत तो ‘रोटं लिन्झन’ म्हणून कुठेही मिळतो आणि तुर्की दुकानात मोठ्या पाकिटात स्वस्त पडतो. टोमॅटो आणि आमसूल डाळ शिजल्यावरच घाला. आंबट आधी पडलं तर डाळ लवकर मऊ होत नाही. लंडनसारख्या ठिकाणी पाणी जड आहे, त्यात डाळ-कडधान्य आणखी रेंगाळतं. चिमूटभर खायचा सोडा टाका. छोले-राजमा मात्र कच्चे घेऊच नका. शिजवलेले डब्यात किंवा काचेच्या बरणीत मिळतात, पाणी काढून धुऊन घ्या.

कुळथाच्या पिठल्याला सात-आठ मिनिटं लागतात: थंड पाण्यात पीठ कालवून, उकळत्या पाण्यात ओतून, लसूण, तिखट, आमसूल. बेसन संपलं असं कुणी म्हणू नये. इटलीत ‘फारिना दी चेची’, फ्रान्समध्ये ‘पुआ शिश’चं पीठ मागा, तेच ते. रवा युरोपात सगळीकडे मिळतो, त्याचा उपमा घरच्यासारखाच होतो.

उरलेला भात रात्रभर बाहेर ठेवू नका. थंडी आहे म्हणून काही होणार नाही असं वाटतं, पण खोल्या उबदार असतात आणि भात बाधतो. गार झाल्यावर लगेच फ्रिजमध्ये, डब्यावर नाव आणि जाण्याची तारीख. तारीख नसलेला डबा कर्मचारी फेकून देतात.

शेगडी नसेल तेव्हा

रात्रीच्या बसने प्रवास असतो, कधी हॉस्टेलात फक्त किटली असते. अशा दिवसांसाठी दडपे पोहे आहेत. पातळ पोह्यांवर बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, लिंबू, मीठ, फोडणीची पूड, आणि झाकण लावून पंधरा मिनिटं दडपून ठेवायचे. कांदा-टोमॅटोच्या पाण्यातच पोहे मऊ होतात. नाहीतर दही-पोहे. दही तिकडे चांगलं आणि स्वस्त असतं, फक्त डब्यावर साखर घातलेली नाही ना ते बघा.

थर्मासमध्ये खिचडीही होते. थर्मास आधी उकळत्या पाण्याने भरून पाच मिनिटं ठेवून ओतून टाका. मग दोन मुठी तांदूळ आणि एक मूठ मसूर, दोन्ही तासभर भिजवलेले, फोडणीची पूड, मीठ, आणि वरपर्यंत नुकतं उकळलेलं पाणी. घट्ट झाकण. दोन तासांत खाण्याजोगी होते, मऊ, पेजेसारखी. चार तासांच्या आत संपवा.

बाहेरचं जेवण

सगळंच स्वतः शिजवा असं मी म्हणणार नाही. त्या देशाचं अन्न न खाता परत येणं मला पटत नाही. मी दिवसातलं एक जेवण बाहेर घेते, आणि ते दुपारचं. पोर्तुगालात ‘प्रातु दु दीया’, स्पेनमध्ये ‘मेनू देल दीया’, अशी दुपारची ठरलेली थाळी असते आणि ती रात्रीच्या जेवणापेक्षा बरीच स्वस्त पडते. पाटी हाताने लिहिलेली असेल आणि आत कामाच्या कपड्यांतली माणसं बसलेली असतील तिथे शिरा. पोर्तुगालात ‘मेया दोझ’ म्हणजे अर्धी प्लेट मागता येते, आणि ती आपल्याला पुरते. बसल्याबसल्या पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर आणून ठेवतात. ते फुकट नसतं, नको असेल तर हात न लावता परत करा. शाकाहारी असाल तर ‘काल्दु व्हेर्द’ या बटाटा-कोबीच्या सुपात सॉसेजचा तुकडा असतो, आधी सांगा. इटलीत कॉफी उभ्याने प्यायली तर टेबलावरच्यापेक्षा स्वस्त. फ्रान्समध्ये ‘काराफ दो’ म्हटलं की नळाचं पाणी फुकट देतात. रोममध्ये रस्त्यावर लोखंडी नळ अखंड वाहत असतात, ‘नझोनी’ म्हणतात त्यांना. पाणी पिण्याचंच आहे, बाटली भरून घ्या.

लंडनला असाल तर साउथॉलच्या गुरुद्वारात जा. डोकं झाकून, बूट काढून, पंगतीला बसायचं. पोटभर लंगर मिळतो, कुणी काही विचारत नाही. जेवून झाल्यावर तासभर भांडी घासायला किंवा पोळ्या लाटायला बसा. ते फुकटचं जेवण नव्हे, तिथल्या माणसांनी हाताने केलेली सेवा असते.

जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद. मोठ्या स्टेशनातली तेवढी उघडी असतात. शनिवारी संध्याकाळी सामान भरा, नाहीतर रविवारी उपास किंवा महागडं खाणं. जर्मनीत पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत घेतात. बाटली चुरगळू नका, सुपरमार्केटातल्या मशीनमध्ये घालून पावती घ्या, ती बिलातून वजा होते. जपानमध्ये सुपरमार्केटात संध्याकाळी उशिरा तयार जेवणाच्या डब्यांवर अर्ध्या किमतीचे स्टिकर लागतात, त्या वेळी जा.

आणि थायलंड, व्हिएतनाम, मलेशियात चूल पेटवूच नका. तिथे रस्त्यावरचं ताजं जेवण स्वतः शिजवण्यापेक्षा स्वस्त पडतं. सिंगापूर महाग शहर, पण हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या गाळ्यांत, थोडक्यात पोट भरतं. शाकाहारी माणसाने व्हिएतनाममध्ये ‘चाय’ ही पाटी शोधावी आणि थायलंडमध्ये पिवळ्या झेंड्यावरचं ‘जे’ हे अक्षर. पिशवीतला मसाला तिथे लागत नाही, फक्त आमसुलं उन्हात सरबताला कामी येतात.

निघण्याच्या आदल्या रात्री उरलेला तांदूळ, मसूर, तेल फुकटच्या फळीवर ठेवा, वर इंग्रजीत नाव आणि तारीख लिहून. गोडा मसाला ठेवलात तर त्यात तीळ आहेत हे मोठ्या अक्षरात लिहा. शेंगदाण्याची चटणी मात्र ठेवू नका. तिकडे कितीतरी जणांना शेंगदाण्याची ॲलर्जी असते, चमचा एका डब्यातून दुसऱ्या डब्यात गेला तरी जिवावर बेतू शकतं. ती मी विमानतळाच्या बाकावर शेवटच्या पावाबरोबर संपवते.